वाघळाईचं बेट

"वैजू, इकडे काठाला येऊन बस. वारा लागेल," अण्णा म्हणाले आणि स्वतः सरकून त्यांनी मला जागा करून दिली.

मी चमकलेच. माहेरी परत आल्यापासून अण्णा माझ्याशी थेट असं बोललेच नव्हते. जे सांगायचं ते आईमार्फत. 'तिला म्हणावं जेवून घे.' 'तिला म्हणावं दुकानात पुढे येऊन उभी राहू नकोस, गिऱ्हाईकं विचारतात.' मी त्याच घरात, त्याच ओटीवर बसलेली असायची आणि अण्णा माझ्याबद्दल आईशी बोलायचे. आणि आज त्यांनी माझं नाव घेऊन मला शेजारी बसायला बोलावलं होतं. मी उठले आणि लहान मुलीसारखी त्यांना चिकटून बसले.

लाँच धक्का सोडून खाडीच्या मध्यावर आली होती. माघातलं ऊन, पाणी अगदी शांत. समोर खाडीच्या तोंडाशी वाघळाईचं बेट दिसत होतं, पाण्यात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखं. आमच्या बंदरावरून ते रोज दिसायचं. पण आम्ही घरची सगळी मिळून तिथे कधी गेलो नव्हतो, कारण आई. आईला पाण्याची भयंकर भीती. लग्न होऊन खाडीकाठच्या गावात आली, दोन मुली वाढवल्या, पण होडीत पाय ठेवायची वेळ आली की तिचं डोकं दुखायला लागायचं. आज मात्र ती गुपचूप चढली होती. डबे मांडीवर घेऊन, डोळे घट्ट मिटून, तोंडानं काहीतरी पुटपुटत बसली होती. तिच्या शेजारी माझी धाकटी बहीण नलू, एक मोठी कापडी बॅग पायांत धरून.

"त्या बॅगेत काय गं एवढं?" मी विचारलं.

"सतरंजी," नलू म्हणाली आणि पाण्याकडे बघायला लागली.

मी पुढे काही विचारलं नाही. मला वाटत होतं, हे सगळं माझ्यासाठी चाललंय. आईनं भीती गिळली, अण्णांनी सोमवारचं दुकान बंद ठेवलं, नलूनं शिवणाचा क्लास बुडवला, का, तर वैजूला जरा बरं वाटावं. अण्णांनी खिशातून भाजक्या शेंगांची पुडी काढून माझ्या हातात दिली तेव्हा तर मी तोंड फिरवून डोळे पुसले.

मी नवरात्रानंतर परत आले होते. डोंबिवलीहून, एकटी, रात्रीच्या एसटीनं. घरी मी एवढंच सांगितलं होतं की उल्हास कामावर जाताना बाहेरून कुलूप लावून जातात. मारत नाहीत, दारू पीत नाहीत, शिवी देत नाहीत. सकाळी निघताना कुलूप लावतात आणि संध्याकाळी येऊन काढतात. लग्नाला दोन वर्षं होत आली होती. आधी आधी म्हणायचे, नवीन जागा आहे, तुला सवय नाही, कोणी फेरीवाला आत शिरेल. मग काही म्हणेनासे झाले. मी विचारलं की हसायचे. किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकून त्यावर दोनदा थोपटायचे.

अण्णा त्या वेळी एवढंच म्हणाले होते, "काळजी वाटते म्हणून लावत असतील."

बेटाच्या धक्क्याला लाँच लागली. तांडेल आईला हात देऊन उतरवताना म्हणाला, "चारला येतो हां, अण्णा. तयार रहा. पाणी उतरायला लागलं की इथं लाँच लागायची नाही. मग डायरेक्ट उद्या."

"तयार आहोत म्हणजे काय!" अण्णा मोठ्यानं हसले. इतकं मोठ्यानं हसायचं त्यात काही नव्हतं.

बेटावर तसं काहीच नव्हतं. वर टेकाडावर देवीचं कौलारू देऊळ, मागे गुरवाचं घर, गोड्या पाण्याची विहीर, आणि उंडीची जुनी झाडं. झाडांना वाघळं लटकलेली, म्हणून ती वाघळाई. मंगळवारी माणसांची रीघ लागे, एरवी कोणी फिरकत नसे. आम्ही देवळात गेलो, आईनं ओटी भरली. मग झाडाखाली आम्ही जेवणाची तयारी केली. सतरंजी आईच्या पिशवीतून निघाली. नलूची बॅग तशीच बंद राहिली. माझ्या ते ध्यानात आलं, पण मनात शिरलं नाही.

आईनं घावणे काढले, खोबऱ्याची चटणी, सोलकढीची बाटली. पत्रावळी मांडल्या.

"आई, दोन जास्त झाल्या," मी म्हटलं.

आई पत्रावळीवर चटणी वाढत राहिली. एकीवर, दुसरीवर, सगळ्यांवर.

"आई, चार माणसं आपण."

नलू एकदम रडायला लागली. ओंजळीत तोंड खुपसून. आणि त्याच वेळी बेटाच्या पलीकडून, उत्तरेच्या अंगानं, दुसऱ्या लाँचचं इंजिन ऐकू आलं. पलीकडच्या गावाहून येणारी लाँच. त्या गावाला मुंबईचा रस्ता होता.

अण्णा उठून उभे राहिले. धोतर झटकलं. "वैजू," ते म्हणाले, "शांतपणानं घ्यायचं. चार शब्द बोलायचे, चार ऐकायचे. घरी बोलावलं असतं तर बंदरभर बोभाटा झाला असता."

उल्हास चढण चढून वर आले. पांढरा सदरा, हातात मिठाईचा खोका. मागून धापा टाकत त्यांचे आप्पामामा, ज्यांनी आमचं लग्न जमवलं होतं. उल्हास अण्णांच्या पाया पडले, आईच्या पाया पडले, नलूच्या डोक्यावर टपली मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बारीक झालीस गं."

मी उठले आणि चालायला लागले. कुठे ते मला ठाऊक नव्हतं. देवळामागून, विहिरीवरून, खडकांच्या कडेनं. मागून कोणीही आलं नाही. याचं मला आधी आश्चर्य वाटलं, मग कळलं. बेट एवढंसं होतं की रागानं तरातरा चालत निघालेलं माणूस थोड्याच वेळात परत त्याच झाडाखाली येत होतं. मी आले तेव्हा सगळे जेवत होते. माझ्या पत्रावळीवर आईनं माशा बसू नयेत म्हणून दुसरी पत्रावळ झाकली होती.

"बस," आप्पामामा म्हणाले. "आम्ही काही वाघ नाही."

मी बसले. दुसरं करण्यासारखं काय होतं?

सगळे फार चांगलं बोलले. आवाज कोणी चढवला नाही. आप्पामामा म्हणाले, मुलगा निर्व्यसनी, कंपनीत पर्मनंट, पगार आणून बायकोच्या हातात देतो, आणखी काय हवं? अण्णा म्हणाले, नलूला बघायला माणसं येणार आहेत, मोठी घरी बसलीये म्हटल्यावर काय सांगायचं त्यांना? उल्हास तर जवळजवळ रडवेले झाले होते. "अण्णा, माझी चूक झाली असेल. एकदा, कधीतरी, घाईत माझ्या हातून कुलूप लागलं असेल. त्याचा हिनं एवढा..."

"एकदा?" मी म्हटलं.

"बरं, दोनदा."

"रोज," मी म्हटलं. "रोज लावता तुम्ही. आणि आई होती तेव्हासुद्धा लावलंत."

आई मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे येऊन राहिली होती. मला कावीळ झाली होती म्हणून. त्या मुक्कामात एक दिवस आईला दम लागला. तिच्या गोळ्या संपल्या होत्या, आणि दाराला बाहेरून कुलूप. मी खिडकीतून हाका मारत सुटले होते. शेवटी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दुकानातून गोळ्या आणल्या आणि दोरीला पिशवी बांधून खाली सोडल्या. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. ते आईनं सांगायचं, असं मला वाटायचं. कोंडलेली ती होती, जीव तिचा जात होता.

"आईला विचारा," मी म्हटलं. "आई, सांग यांना."

सगळे आईकडे बघायला लागले. आई संत्रं सोलत होती. तिनं एक फोड सुटी केली, तिच्यावरची पांढरी शीर काढली, मग दुसरी शीर काढली.

"मला काही आठवत नाही," ती म्हणाली.

उल्हासनी सुस्कारा सोडला. आप्पामामांनी मांडीवर हात आपटला, झालं, मिटलं, अशा अर्थानं. अण्णांनी आईच्या पुढ्यातली संत्र्याची एक फोड उचलून तोंडात टाकली. आणि मी आईकडे बघत राहिले. ती वर बघतच नव्हती. डोंबिवलीच्या त्या घरात आयुष्य काढायचं म्हटल्यावर जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी मला त्या वेळी वाटली. तिथे निदान मला वाटायचं, की बाहेर कोणीतरी आहे.

नंतरचा वेळ कसा गेला ते सांगता येणार नाही. पुरुष झाडाखाली आडवे झाले. नलू माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, मला काल रात्रीच सांगितलं गं. बॅग मी भरली नाही, आईनं भरली." बॅगेत माझे कपडे होते. मी 'बरं' म्हटलं. मला रागसुद्धा येत नव्हता. मी धक्क्याच्या पायऱ्यांकडे बघत होते. पाणी अजून वर होतं. एखादी होडी, एखादा मासे पकडणारा, कोणीतरी जवळून जाईल असं मनात येत होतं. कोणी गेलं नाही.

चारच्या सुमाराला दोन्ही लाँच आल्या. धक्का लहान, म्हणून एकीमागे एक लागल्या. पुढे पलीकडच्या गावाची, मागे आमची. अण्णांनी नलूच्या हातातून बॅग घेतली आणि पुढच्या लाँचमध्ये नेऊन ठेवली. स्वतःच्या हातानं. मग मला म्हणाले, "चल, वैजू. सणाला ये. मी स्वतः न्यायला येईन."

मी धक्क्यावर बसले.

"हे काय?"

"मी नाही जात."

"मग आमच्याबरोबर येणार? अगं, घरी येऊन तरी काय..."

"तुमच्याबरोबरही नाही. मी इथेच राहते."

आप्पामामा हसले. "बेटावर? जोगीण होऊन?" उल्हासही हसले. मग त्यांना हसू येईनासं झालं, कारण मी जागची हलत नव्हते. दोन्ही तांडेल ओरडायला लागले. पाणी उतरत होतं, पायऱ्यांवरचं ओलं शेवाळ दिसायला लागलं होतं. उल्हास माझ्याजवळ आले, खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "तमाशा करू नकोस. ऊठ." त्यांनी माझं मनगट धरलं. दुखेल असं नव्हे. फक्त सुटणार नाही असं.

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा दुसरीकडे बघत होते.

"सोडा तिला."

आवाज कोणाचा ते मला आधी कळलंच नाही. आई आमच्या लाँचमध्ये चढून बसली होती, डोळे मिटून, दोन्ही हातांनी फळी धरून. आता ती उभी होती. लाँच डुलत होती आणि ती उभी होती. "सोडा म्हटलं ना हात," ती परत म्हणाली. जावयाशी ती कधी एवढ्या आवाजात बोलली नव्हती. उल्हासनी हात सोडला. आई काठाशी आली, लाँच आणि पायरी यांच्यात चांगलं हातभर पाणी होतं, ते तिनं बघितलं आणि पाय टाकला. पाय पायरीवर पडला नाही. ती मांडीपर्यंत पाण्यात गेली. तांडेलानं तिचं बखोट धरलं, ते झटकून ती वर चढली आणि निथळत्या लुगड्यानिशी माझ्या शेजारी येऊन बसली.

"तू कुठे निघालीस?" अण्णा किंचाळले.

"हिच्याबरोबर राहते."

"डोकं फिरलंय का तुझं? आणि नलू?"

"नलूला तुम्ही न्या घरी."

नलूला एकटीला पाठवायची सोय नव्हती, म्हणून अण्णांना जाणं भाग होतं, आणि तांडेल काही थांबायला तयार नव्हता. पुढची लाँच आधी सुटली. मामांनी उल्हासना ओढून आत नेलं, पलीकडे त्यांची जीप खोळंबली होती. बॅग कोणाच्या लक्षात आली नाही. माझे कपडे तेवढे सासरी पोचले. मग आमची लाँच निघाली. अण्णा तिच्या मागच्या टोकाला उभे राहून काहीतरी ओरडून सांगत होते. इंजिनाच्या आवाजात ते आम्हाला ऐकू आलं नाही.

गुरवीण खाली आली, दोघींकडे बघितलं, काहीही न विचारता आईला स्वतःचं कोरडं लुगडं दिलं आणि आम्हाला पेज वाढली. सूर्य बुडेपर्यंत आम्ही तिच्या पडवीत बसून होतो. आईला थंडी वाजत होती. माझ्या कानात ते 'आठवत नाही' अजून होतं.

"ती वरच्या मजल्यावरची बाई," आई मधेच म्हणाली. "काय गं तिचं नाव? घारी, उंच."

"मांजरेकर बाई."

"तिनं पिशवीत गोळ्यांबरोबर लिंबू घातलं होतं. पिशवी निळी होती, तिला एका बाजूला गाठ मारलेली. गाठ सुटेना तुझ्यानं, तू दातांनी सोडलीस. लिंबू घरंगळून खाटेखाली गेलं. मी पडल्या पडल्या त्या लिंबाकडे बघत होते. मला वाटलं, आता हे लिंबू बघत बघतच मी जाणार."

लिंबाचं मी पार विसरले होते.

"मग दुपारी का..."

"घरी आले त्याच रात्री मी ह्यांना सांगितलं होतं सगळं," आई म्हणाली. "पिशवीसकट. हे म्हणाले, कोणापाशी बोलू नकोस, नलूचं व्हायचंय अजून. तू परत आलीस तेव्हाही ह्यांना ठाऊक होतं. काल परत बजावलं, तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. नाही उघडलं मी."

अण्णांना ठाऊक होतं. सकाळी काठाशी जागा करून देताना, शेंगांची पुडी देताना. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला तो मी काढून टाकला. मी तिला माफ वगैरे काही केलं नाही. रात्री आम्ही एकाच वाकळीत झोपलो, पण मी तिच्याकडे पाठ केली. पुढे कोर्टात साक्षीला उभी राहून तिनं लिंबासकट सगळं सांगितलं, समोरच्या वकिलानं चारदा फिरवून विचारलं तरी तिचा शब्द हलला नाही. मला सोडचिठ्ठी मिळाली, नर्सिंगला गेले, नलूचंही लग्न झालं आणि चांगलं झालं. पण हे सगळं आधी ठाऊक असतं, तरी त्या रात्री मी तिच्याकडे पाठच केली असती. आजही केली असती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. देवीचा वार म्हणून सकाळची लाँच माणसांनी खच्चून भरलेली. बंदरावरची निम्मी गिऱ्हाईकं होती त्यात, आणि त्यांच्यामध्ये अण्णा, दाढी वाढलेली, कालचंच धोतर. लोक नारळ, ओटीची ताटं घेऊन भराभर उतरले आणि वर न जाता धक्क्यावरच रेंगाळले. कालची बातमी गावभर झालीच होती. अण्णा मात्र उतरले नाहीत.

"चला," ते धक्क्यावर बसलेल्या आम्हा दोघींना म्हणाले. "चहा झाला नसेल तुमचा. लाँच लगेच परत फिरतेय."

मी उठले. आईनं मला खांद्याला धरून खाली बसवलं.

"आधी सांगा," ती म्हणाली.

"काय सांगा?"

"ही कुठे राहणार ते."

अण्णांनी इकडेतिकडे बघितलं. चारी बाजूंनी माणसं. ज्यांना कळू नये म्हणून आम्हाला इथवर आणलं होतं, ती सगळी. लाँचच्या कडेला पाणी, मागे तांडेल. अण्णांना हलायला जागा नव्हती. ते खाली मान घालून काहीतरी बोलले.

"इंजिन चालू आहे," आई म्हणाली. "मोठ्यानं बोला."

"घरी राहील."

"कोणाच्या?"

अण्णांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी मान वर केली आणि दुकानात मागच्या गड्याला हाक मारताना काढायचे तसा आवाज काढला.

"वैजू माझ्या घरी राहील! हवी तितकी वर्षं राहील!"

तांडेलानं इंजिन मंद केलं. आईनं गुरविणीचं लुगडं घोट्यांच्या वर धरलं आणि लाँचमध्ये पाय टाकला. या खेपेला तिनं डोळे मिटले नाहीत.